उसने खांदे

१

किर्गिझस्तानातल्या काराकोल शहराच्या आसपास जेवढी कबरस्तानं होती, त्या सगळ्यांत कुबातचा सूट उभा होता. कुबातला याचं मनातल्या मनात बरं वाटायचं.

त्याचं कामच तसं होतं. माणूस गेला की वर्ष भरल्यावरच्या जेवणाआधी त्याच्या थडग्यावर दगड उभा राहायला हवा. दगड काळा, आरशासारखा घासलेला, आणि त्यावर गेलेल्याचं चित्र बारीक पांढऱ्या ठिपक्यांनी कोरलेलं. कोरायचं काम शेजारच्या खोलीतलं यंत्र करायचं. दिवसभर त्याची टोच दगडावर टकटकत राहायची, पत्र्यावर चिमणी दाणे टिपते तशी. पण यंत्राच्या पोटात जाणारा फोटो आधी कुबातच्या कॉम्प्युटरवर यायचा.

लोक काय वाटेल ते फोटो आणत. कुणी ओळखपत्रावरचा, कुणी लग्नाच्या घोळक्यातला, कुणी शेळ्यांमागे पळतानाचा. दगडावर मात्र प्रत्येकाला आपला माणूस चांगल्या सुटात हवा. कुबातच्या आधी इथं बसणारा माणूस परदेशी मासिकांतले सूट चिकटवायचा. त्या सुटांच्या छात्या पाहून म्हाताऱ्या भांडायला यायच्या. मग कारखान्याचे मालक सागीन म्हणाले होते, “अरे, इथलाच सूट घे की. तुझा लग्नातला घे. त्यात निदान आपल्या डोंगरातला माणूस तरी उभा आहे.”

कुबातनं स्वतःचा लग्नाचा फोटो उघडला, मान आणि डोकं कापून टाकलं, आणि उरलेला राखाडी सूट जपून ठेवला. तेव्हापासून जो पुरुष येईल त्याचं डोकं त्या कॉलरवर बसायचं. गळा जाड असो, बारीक असो, त्यावर त्याच्याकडे जाळी होती. फोटोवर चौकटींची जाळी टाकायची, दोन रेघा जिथं भेटतात ती गाठ माउसनं धरायची आणि ओढायची. फोटो मळलेल्या कणकेसारखा हवा तिकडे यायचा. कुबातचं शाळेशी कधी जमलं नव्हतं, पण ही जाळी त्याला पहिल्या दिवसापासून जमली.

“माझा नवरा फार उदार बाई,” त्याची बायको बुरुल शेजारणींना सांगायची. “गावोगाव स्वतः जाऊन उभा राहिलाय. डोकी तेवढी दुसऱ्यांची.”

त्या वसंतात दोघं नव्या घरात राहायला आली होती. अंगणात सफरचंदाचं एक झाड, निळ्या खिडक्या, आणि बुरुलच्या पोटात पहिलं मूल. कुबातला आणखी काही नको होतं.

२

म्हाताऱ्या असिलकान एजे, सगळ्यांच्या थोरल्या ताई, आपल्या गेलेल्या नवऱ्याचं चित्र पाहायला आल्या त्या दिवशी यंत्र बंद होतं. सागीन खिडकीत बसून चहा पीत होते.

स्क्रीनवर एजेंच्या नवऱ्याचं, तोक्तोसुनचं, डोकं कुबातच्या सुटावर बसलेलं होतं. असिलकान एजेंनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

“हा कोण?”

“तुमचेच ते, एजे.”

“तोंड त्याचं आहे. खालचा कोण आहे?”

सागीन हसले. “एजे, दगडावर सगळे ताठच असतात. जन्मभर वाकून दूध वाहिलं बिचाऱ्यानं. आता तरी उभं राहू दे सरळ.”

“तुझ्या बापाला कर सरळ,” एजे म्हणाल्या. “माझा नवरा असा नव्हता. किटल्या वाहून त्याचा डावा खांदा उतरला होता. लांबून धुक्यात जरी दिसला तरी कुत्रं भुंकायचं नाही, खांद्यावरून ओळखायचं. ह्या असल्या शिपायाला माझं कुत्रं घरात घेईल का?”

कुबात लाजला, कारण तो शिपाई तोच होता. त्यानं जाळी टाकली, डाव्या खांद्यावरची गाठ धरली आणि खाली ओढली.

“आणखी. आणखी थोडा. किटली तिकडे ओढायची ना, म्हणून मान इकडे टाकायचा. हं.”

कुबातनं मान किंचित कलती केली. असिलकान एजेंनी तळहात काचेवर ठेवला, अगदी त्या खांद्यावर.

“आला,” त्या म्हणाल्या.

३

गुरुवारी काराकोलमध्ये घरोघरी कढई चढते. पोळ्या तळायच्या, तेलाचा वास अंगणात सोडायचा, गेलेल्यांसाठी दुवा मागायची. तो वास गेलेल्यांना पोचतो म्हणतात. बुरुलचे वडील ती लहान असतानाच गेले होते. स्वतःचं घर झाल्यापासून ती एकही गुरुवार चुकवत नव्हती.

संध्याकाळी कुबात घरी आला तर ती जरा रुसलेली.

“दुपारी फाटकापर्यंत येऊन परत का गेलास?”

“मी? मी कारखान्यातच होतो.”

“पुरे. मी कढईपाशी होते. तू फाटकाबाहेर, झाडाखाली. मी म्हटलं ये, गरम आहेत. ताटली घेऊन येते तर तू गायब.”

“तोंड पाहिलंस का माझं?”

“फांदी आड येत होती. तोंड कशाला पाहायला हवं? नवऱ्याचे खांदे कळत नाहीत होय मला! आणि तो राखाडी सूटही घातला होतास. कशासाठी रे? कुणाकडे गेला होतास नटून?”

कुबात हसला. सूट कपाटात होता, कापराच्या गोळ्यांसकट. त्यानं तो काढून तिला दाखवला. मग बुरुलही हसली. काराकोलच्या बाजारात राखाडी सुटांची रास पडलेली असते, असेल कुणीतरी. एवढं बोलून दोघांनी गार पोळ्या मधाबरोबर खाल्ल्या.

पुढच्या गुरुवारी तिनं त्याला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. “आज पुन्हा आला होता तुझा तो सूटवाला. बराच वेळ होता. आणि कुबात, तो एकटा नव्हता बहुतेक. फाटकाच्या फटीतून नुसते खांदेच दिसत होते. शेजारी शेजारी. सगळे तुझ्यासारखे.”

“शेजाऱ्यांकडे पाहुणे असतील.”

“असतील,” बुरुल म्हणाली. “पण दारात माणूस उभा असताना नान न देता पाठवायचं बरं दिसत नाही. पुढच्या वेळी आत बोलावते.”

“नको,” कुबात एवढ्या चटकन म्हणाला, की दोघंही दचकली. “तोंड दिसल्याशिवाय कुणाला आत बोलवू नकोस. माझं ऐक.”

४

तोक्तोसुनचा दगड उभा राहिला. वर्षाचं जेवण झालं. त्यानंतर असिलकान एजे कारखान्यात आल्या त्या फडक्यात बांधलेल्या पोळ्या घेऊन. चेहरा असा फुललेला, की सागीन म्हणाले, “काय एजे, दुसरं लग्न ठरलं की काय?”

“मेल्या, पहिलाच परत आलाय,” त्या म्हणाल्या आणि कुबातसमोर स्टूल ओढून बसल्या. “वर्षभर दर गुरुवारी तळत होते रे. वास जायचा, कुणी यायचं नाही. तू खांदा नीट केलास आणि त्याला घर सापडलं. गोठ्याच्या दाराशी उभा असतो. कुत्रं भुंकत नाही.”

“तुम्ही... बोलता त्यांच्याशी?”

“काय बोलायचं? मी पोळी ठेवते, तो उभा राहतो. पूर्वीही असंच होतं.” त्यांनी पोळी मोडून त्याच्या हातात दिली. “माणसाला आपला आकार हवा, बाळा. नाहीतर त्यानं कुठल्या दारात जायचं?”

त्या गेल्यावर कुबातनं सुटाची फाइल उघडली. कशासाठी ते त्याला सांगता आलं नसतं. मोकळी कॉलर, तिच्यावर काही नाही. त्यानं जाळी टाकली. नवीन जाळी नेहमी सरळ पडते, वहीच्या चौकटीच्या पानासारखी. ही पडली ती खांद्यांवर फुगून, कॉलरच्या वर ताणून, जणू खाली कुणी श्वास भरून बसलं होतं. त्यानं जाळी काढली. पुन्हा टाकली. गाठी पुन्हा तशाच फुगल्या, फक्त या वेळी किंचित वर.

शेजारच्या खोलीतलं यंत्र टकटकत होतं. मधेच ते थांबलं. कुबातला वाटलं, आता तिकडून कुणीतरी वाकून पाहील. पण सागीननी फक्त टोच बदलली आणि यंत्र पुन्हा सुरू झालं.

त्यानं कॉम्प्युटर बंद करून चालू केला. आता जाळी सरळ पडली. जुनी ओढाताण फाइलमध्ये राहिली असणार, दुसरं काय. कुबातनं मान हलवली आणि असिलकान एजेंची पोळी संपवली. चवीला फार छान होती.

५

रविवारी तो गावाबाहेरच्या कबरस्तानात गेला. ऊन स्वच्छ होतं, डोंगरांवर बर्फ चमकत होतं, थडग्यांमधल्या गवतात कुणाची तरी गाय चरत होती. यात भिण्यासारखं काही नव्हतं.

तो उतारावर चढला आणि त्यानं वळून पाहिलं. सगळे दगड एकाच दिशेला तोंड करून होते. चेहरे वेगळे, म्हातारे, तरणे, मिशीवाले, टोपीवाले. खाली मात्र तेच खांदे, त्याच उंचीचे, तसेच ताठ. लग्नाच्या दिवशी फोटो काढणारा म्हणाला होता, “श्वास घे, धरून ठेव.” तोच धरलेला श्वास या सगळ्यांच्या छातीत होता. दूर एका रांगेत तोक्तोसुन एकटा खांदा पाडून उभा होता, आणि त्या अख्ख्या गर्दीत तोच काय तो आपल्या घरचा वाटत होता.

बाकीच्यांना घर नव्हतं असं नाही. पण त्यांच्या अंगावर कुबात होता. मग तेलाचा वास आला की ते कुणाच्या दारात जाणार?

असा विचार शहाण्या माणसानं करू नये, हे कुबातला कळत होतं. पण बुरुल दर गुरुवारी एकटी कढईपाशी असायची, आणि हात आखडून कुणाला परत पाठवणं तिच्या रक्तातच नव्हतं. एक ना एक दिवस ती आत बोलावणारच.

सोमवारपासून त्यानं घराघरांत जायला सुरुवात केली. लाजत दारात उभा राहायचा आणि विचारायचा, “तुमचे वडील उभे कसे राहायचे?”

लोकांना आधी हसू यायचं, मग ते उठून दाखवायचे. एका सुनेनं सासऱ्याची ऐट इतकी हुबेहूब केली, की सासू डोक्यावरच्या रुमालात तोंड लपवून हसत बसली. एक मुलगा म्हणाला, “माझा बाप उभा राहायचाच नाही, टेकायचा. भिंत दिसली की टेकला.” एकीनं सांगितलं, “पुढे वाकून. नेहमी कुणीतरी बोलावलंय असा.” कुबात परत येऊन जाळीवर ती ऐट बसवून पाहायचा, आणि मग हत्यारांची पिशवी खांद्याला लावून कबरस्तानात जायचा. चुकीचे ठिपके काळ्या रंगानं बुजवायचे, नवे हातानं ठोकायचे.

“फुकटात खांदे वाटतोयस?” सागीन म्हणाले. “उद्या बायका येतील, माझ्याला पायही लाव म्हणून.”

“दादा, चूक माझीच आहे ना. माझा सूट होता.”

सागीननी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच त्याला चांगला हातोडा आणून दिला.

घरी बुरुल सांगायची, “आज कमी होते.” पुढच्या वेळी, “आज दोघंच होते बहुतेक.” ती हे हवापाणी सांगावं तसं सांगायची. पोट पुढे आलं होतं, गाल भरले होते, आणि तळताना ती गुणगुणायची. कुबात दिवसभर उन्हात ठोकून दमायचा आणि रात्री गाढ झोपायचा. इतकं चांगलं काम आपल्या हातून आजवर झालं नाही, असं त्याला वाटायचं.

६

शेवटी एक जण उरला.

तो पीठगिरणीत कामाला होता. नाव एगेम्बेर्दी. कुणी नातलग नव्हतं. गिरणीतल्यांनी वर्गणी काढून दगड लावला होता. कुबात गिरणीत गेला. लोकांनी आठवून पाहिलं.

“चांगला होता,” एक जण म्हणाला.

“शांत होता,” दुसरा म्हणाला.

“पण उभा कसा राहायचा?”

पिठानं पांढरा झालेला म्हातारा पहारेकरी वैतागला. “उभा कसा राहायचा म्हणजे? माणसासारखा! त्याच्याकडे कुणी एवढं निरखून पाहिलं असतं तर तो आमच्या वर्गणीतून पुरला गेला असता का?”

कुबात दगडापुढे बराच वेळ हातोडा घेऊन बसला. काही ठोकण्यासारखं सुचेना. मनानं एखादी ऐट द्यावी, तर तीही दुसऱ्या कुणाची तरीच होणार. शेवटी त्यानं दगड पुसला आणि घरी आला.

बुरुल कपड्यांच्या घड्या घालत होती.

“मी उभा कसा राहतो गं?” त्यानं विचारलं.

“आता मलाही विचारत सुटलास?” ती हसली. तिनं डोळे मिटून आठवलं. त्याच्याकडे पाहिलं नाही. “सरळ. त्या लग्नाच्या फोटोत आहेस ना, तसा. किती छान दिसत होतास.” मग डोळे उघडून म्हणाली, “हल्ली त्या पिशवीनं वाकलायस जरा. कडेला जातोस चालताना. मघाशी फाटकातून आलास तर मला क्षणभर वाटलं, कोण आलंय.”

७

त्या गुरुवारी कुबात कामावर गेला नाही. मी घरीच बसतो, म्हणाला. बुरुलला बरं वाटलं.

अंगणात कढई चढली. बुरुलनं सकाळीच चादरी धुऊन दोरीवर टाकल्या होत्या. कुबात आतल्या खोलीत, बैठ्या टेबलाच्या दाराकडच्या बाजूला गादीवर बसला. घरच्यांची जागा ती. समोर भिंतीकडे मानाची जागा, पाहुण्यांसाठी. खिडकीतून त्याला बुरुलची पाठ दिसत होती. तेलाचा वास आत आला. मधमाश्या, कढईची चुरचुर, तिचं गुणगुणणं. इतकं सुख होतं, की त्याचा डोळा लागला असावा.

गुणगुणणं थांबलं म्हणून तो जागा झाला.

बुरुल फाटकाकडे तोंड करून उभी होती. “आलास?” ती म्हणाली. “मग बाहेर काय उभा? ये ना आत. गरम आहेत.”

“बुरुल!” कुबातनं खिडकीतून हाक मारली.

तिनं वळून, डोळ्यांवर हात धरून खिडकीकडे पाहिलं, आणि अदबीनं मान लववली. म्हाताऱ्या शेजाऱ्याकडे पाहून लववावी तशी.

फाटक वाजलं. कुणीतरी चादरींच्या पलीकडून चालत आलं. वारा आला आणि एक ओली चादर त्याच्या अंगाला चिकटली. खांदे लगेच उमटले, सरळ, ओळखीचे, श्वास धरलेले. त्यांच्या वर चादर इथं ओढली गेली, तिथं ओढली गेली, पुन्हा सैल पडली, जशी आतून कुणाची तरी बोटं अजून ठरवतच होती. बुरुल हसली आणि हात लांब करून तिनं चादर त्याच्या अंगावरून सोडवली. तोंड दिसायच्या आत कुबातनं खाली पाहिलं.

उंबऱ्याशी जोडे काढल्याचा आवाज झाला.

बुरुल पोळ्यांची थाळी घेऊन आत आली. तिच्या मागे दारात ऊन होतं, आणि उन्हाच्या आड एक राखाडी आकार. बुरुलचा चेहरा तळून तळून लाल झाला होता, आणि इतका समाधानी होता, की कुबातच्या तोंडापर्यंत आलेले शब्द तिथंच अडले. काय म्हणायचं? मी तुझा नवरा आहे? असं कुणी आपल्याच घरात मोठ्यानं म्हणतं का?

“माफ करा हं, तुम्हाला एकटंच बसवलं,” ती त्याला म्हणाली. “आणि हे काय, दाराशी कसले बसता? वर सरका ना. तिकडे, भिंतीकडे बसा.”

ती हसेल म्हणून कुबात थांबला. ती गादीची कड झटकत होती, तो बसला होता तिचीच, घरधन्यासाठी. तो राखाडी आकार मुकाट्यानं वाट पाहत उभा होता, जागा रिकामी व्हायची.

कुबात वर सरकला. भिंतीकडची गादी मऊ होती. समोर, दाराकडच्या गादीवर, कुणीतरी येऊन बसलं. कुबातनं थाळीवरची नजर वर उचलली नाही. बुरुलनं पोळी मोडली आणि पहिला तुकडा त्याच्यापुढे धरला.

“घ्या. लाजू नका,” ती मायेनं म्हणाली. “लांबून आलात का?”

“नाही,” कुबात म्हणाला. “इथलाच.”